एसी बंद कर, मग झोपते

जामनेर रोडच्या दुकानात, दुपारी दोनला.
बाहेर शेहेचाळीस. डांबर चप्पल सोडत नव्हतं.
आत मात्र सगळ्याच गाद्या गार.
मी म्हटलं, भाऊ, आधी तो एसी बंद कर.
अशा थंडीत तर लोखंडाचा बाकही गार लागेल,
आमच्या घरी माठ आहे, कूलर आहे, एसी नाही.

तो हसला नाही. खरंच बंद केला.
खिशावर नाव: अकील पिंजारी.
पाच मिनिटांत तिघांच्याही मानेवर घाम,
तेव्हा मी चपला काढल्या,
साडी घोट्यांपर्यंत ओढली
आणि काचेबाहेर रिक्षावाले बघत असताना
भर दुकानात आडवी झाले.

हे बाजूला, पिशवी छातीशी धरून,
दवाखान्यात उभे राहतात तसे.
"काका, तुम्ही पण झोपून बघा ना."
"राहू दे. मला कशीही चालीन."

चौतीस वर्षं यांना कशीही चालली.
रनिंग रूमचा पलंग, इगतपुरीचा, बडनेऱ्याचा,
आधीच्या ड्रायव्हरच्या अंगाची ऊब न गेलेला.
आणि घरी दिवसाची झोप,
खिडक्यांना वर्तमानपत्रं डकवून,
मी कुकरची शिट्टी चिमट्याने उचलून धरायची
वाजायच्या आत.

वरचा थर उशीसारखा. बोट दाबलं तर
मांड्यांच्या भिजल्या कणकेत रुतावं तसं रुतलं.
त्याखाली स्प्रिंगा,
बाळंतपणात सुईण कंबरेखाली तळहात देते,
तेवढ्याच. जास्त नाही.
"कुठे टोचतं का, काकू?"

आणि एकदम यावलची आमची गल्ली.
लिंबाला पिंजण टांगून बसलेला म्हातारा,
तुंई तुंई, भुवयांवर कापूस,
गादी शिवून झाली की आम्हा पोरींना वर बसवायचा,
बस बेटी, सांग कुठे टोचतं.
एखादी सरकी राहिलेली असायची. मला सापडायची.

अकीलला विचारलं.
आजा फैजपूरचा, म्हणाला.
यावलला जायचा का, ते त्याला माहीत नव्हतं.

मग त्याने गादीवर पाण्याचा ग्लास ठेवला
आणि दुसऱ्या टोकाला गुडघ्याने दणका दिला.
पाणी जागचं हललं नाही.
"प्रत्येक स्प्रिंग आपापल्या पिशवीत.
काकांनी रात्रभर कुशी बदलल्या
तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही."

मी त्या पाण्याकडे बघत राहिले.
पहाटे तीनला कॉलबॉयची हाक यायची,
खाटेची सुंभ करकरायची,
एवढ्यावरून मला कळायचं, निघाले.
तेवढंच कळायचं पुष्कळदा.

म्हटलं, ही नको. दुसरी दाखव.

"दुसरी स्वस्त आहे, वरचा थर हाच,
पण स्प्रिंगा एकमेकींत गुंतलेल्या.
काकू, तिच्यात हलतं."

हलू दे.

तेव्हा हे पहिल्यांदा बसले. कडेवर, चप्पल न काढता.
माझ्या पाठीखाली एक लहानशी लाट आली.
"हं," म्हणाले. "मऊ आहे व."
बारा हजार सहाशे. जुनी दिली असती तर पाचशे कमी.
नाही दिली.

आता तीन वाजून दहा मिनिटांनी
कोणी हाक मारत नाही. निवृत्तीला सहा महिने झाले.
तरी गादी हलते.
मी डोळे मिटून ऐकते:
माठाचं झाकण, पेल्याचा आवाज,
यार्डात डबे जोडल्याचा लांबचा धक्का
आणि त्यानंतर बराच वेळ काही नाही,
खिडकीशी उभे असतील.
मग लाट परत येते.

गारव्याचं विचाराल तर
कूस बदलली की नवी जागा घटकाभर गार लागते.
बाकी भुसावळ.